सेल्फपासून इन्व्हर्टरपर्यंत: आमची वाटचाल

चाळीसगावात आमचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान. सुरुवातीला कामं ठरलेली: सेल्फ, डायनामो, हॉर्न, बॅटरी चार्जिंगला लावणे. २००५ मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आलं, तेव्हा भारनियमन ऐन भरात होतं. २००६ मध्ये पुण्याने जादा पैसे मोजून आपल्यापुरती सोय केली. इकडे खानदेशातला मे महिना आणि तासन् तास पंखा बंद! लोक गाडीची बॅटरी काढून थेट आमच्या काउंटरवर ठेवू लागले. "भाऊ, हिच्यावर इन्व्हर्टर जोडून द्या."

जोडता येतो, दोन्हीकडे १२ व्होल्टच. पण दोन पंखे आणि दोन ट्यूब म्हणजे सव्वादोनशे वॅटच्या वर. इन्व्हर्टरमधली घट धरली की बॅटरीतून २४-२५ अँपिअर जातात. ३५ अँपिअर-अवरची कारची बॅटरी त्यावर तासभरही टिकत नाही, आणि रोज अशी तळापर्यंत उतरवली तर काही महिन्यांत बसते.

तोंडी सांगून हे कुणाला पटेना. मग आम्ही दोन मेलेल्या बॅटऱ्या कापून काउंटरवर मांडल्या: एक कारची, दुसरी इन्व्हर्टरला लावतात ती ट्यूब्युलर. कारच्या बॅटरीत पातळ प्लेटा दाटीवाटीने बसवलेल्या. सेल्फला दोन-तीन सेकंद जबर करंट द्यायचा, पुढे अल्टरनेटर लगेच भरून काढतो; तेवढंच तिचं काम. पुन्हा पुन्हा पूर्ण उतरली की प्लेटांवरचा माल झडून तळाशी काळा गाळ साचतो. ट्यूब्युलरमध्ये पॉझिटिव्हचा माल नळ्यांत कोंबलेला असतो, सहजी झडत नाही. गिऱ्हाईक तो गाळ बोटाने बघायला जायचं, आम्ही हात धरायचो. शिसं आहे ते! ट्यूब्युलरची विक्री त्या दोन खोक्यांनीच केली.

घरोघरी जोडणीला जायला लागल्यावर वेगळीच डोकेदुखी. जागा म्हणून बहुतेकांना देवघराखालचा कोपरा सुचायचा. चार्जिंगला हायड्रोजन सुटतो आणि वर निरांजन! तिथे आम्ही बॅटरी ठेवलीच नाही, मग आजीबाई कितीही रागावोत.

जुनी बॅटरी आम्ही पहिल्यापासून परत घेतो, किमतीतून वजा करून. २००१ च्या नियमांनी विक्रेत्यांवर तशी जबाबदारीच टाकली. अंगणात शिसं वितळवणाऱ्यांना मात्र एकही दिली नाही.

आता लाईट बरीच टिकते, चौकशी सोलर आणि लिथियमची जास्त. तरी पावसाळ्यात कुणीतरी कारची जुनी बॅटरी घेऊन येतंच. एक एलईडी बल्ब आणि मोबाईल चार्जिंग एवढंच हवं असेल तर आनंदाने जोडून देतो. फक्त पॉझिटिव्ह टर्मिनललगत फ्यूज लावल्याशिवाय ती दुकानाबाहेर जात नाही.