गुळव्या, ट्रॅक्टर आणि शेवटचा बाक

डिसेंबरात घरी आलं की पहिले तीन-चार दिवस झोपेचं काही खरं नसतं. पहाटे चारला टक्क जाग. यंदाही तसंच. उठून स्वयंपाकघरात गेलो तर आक्का आधीच उठून चहा टाकत होती, कारण तिचा सव्वासातचा तास. आक्का कोल्हापुरातल्याच एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. मी अमेरिकेत तेच शिकवतो. घरात दोन मास्तर आणि विषयही एकच, त्यामुळं आबांनी जेवताना आमच्याकडं बघणं सोडून दिलंय.

"आई पेढे वाटत होती," आक्का म्हणाली. "तुला फेलोशिप मिळाली म्हणून. पगार वाढला काय?"

"पगार नाही. एक तास कमी झाला."

"शिकवायचा तास कमी केला म्हणून पेढे?"

आता हे समजावून सांगायला मला तीन कप चहा लागला. तुमच्यासाठी थोडक्यात सांगतो.

मी मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात आहे. तिकडं बऱ्याच विद्यापीठांत शिकवण्यासाठी एक वेगळं केंद्र असतं. ते विद्यार्थ्यांसाठी नसतं, प्राध्यापकांसाठी असतं. दरवर्षी निरनिराळ्या विभागांतले आठ-दहा जण तिथं वर्षभरासाठी 'फॅकल्टी फेलो' म्हणून घेतात. एक कोर्स कमी शिकवायचा आणि त्या वेळात स्वतःच्या दुसऱ्या कोर्सची चिरफाड करायची. पंधरा दिवसांतून एकदा सगळ्यांनी बसायचं, एकमेकांच्या वर्गात जाऊन यायचं. आमच्या गटात नर्सिंगच्या एक बाई, इतिहासाचे एक प्राध्यापक, सिव्हिलवाला एक आणि ट्रॉम्बोन शिकवणारे एक गृहस्थ. सुरुवातीला मला वाटलं, हा बाजा वाजवणारा माणूस मला काय शिकवणार? वर्षअखेरीस कळलं की आमच्यात शिकवणं खऱ्या अर्थानं त्यालाच येत होतं. त्याच्या तासाला पोरगं वाजवतं आणि मास्तर ऐकतो. माझ्या तासाला मास्तर वाजवायचा आणि दीडशे पोरं ऐकायची.

अशा केंद्रांतलं अमेरिकेतलं पहिलं म्हणतात ते मिशिगन विद्यापीठातलं, १९६२ सालचं. आपलं शिवाजी विद्यापीठही १९६२ चंच, उद्घाटनाला राष्ट्रपती राधाकृष्णन आले होते, जे स्वतः आयुष्यभर मास्तर. याचा त्याच्याशी काही संबंध नाही, पण सागरमाळावरून जाताना आता मला ते साल आठवतं.

तर नर्सिंगच्या बाई माझ्या वर्गात येऊन बसल्या, ती गोष्ट. शेवटच्या रांगेत, हातात एक कागद. कागदावर दोन-दोन मिनिटांचे रकाने. २०१३ साली तयार झालेली निरीक्षणाची ही पद्धत आहे, 'कोपस' म्हणतात तिला. दर दोन मिनिटांनी फक्त खुणा करायच्या: मास्तर काय करतोय आणि पोरं काय करतायत. चांगलं-वाईट काही लिहायचं नाही. पन्नास मिनिटांचा तास, म्हणजे पंचवीस ओळी. तास संपल्यावर आम्ही कॉफी घेऊन बसलो आणि त्यांनी कागद माझ्यापुढं सरकवला. 'बोलतो' आणि 'फळ्यावर लिहितो' हे दोन रकाने वरपासून खालपर्यंत भरलेले, रोपलागण केल्यासारखे सरळ. 'प्रश्न विचारतो' यात चार खुणा. पोरांच्या बाजूला 'ऐकतात' सोडून जवळजवळ सगळं कोरं.

मी म्हटलं, चार प्रश्न तरी विचारले की!

बाई म्हणाल्या, "विचारलेत. उत्तरंही तुम्हीच दिलीत."

राग आला. खोटं कशाला सांगू? सतरा वर्षं शिकवतोय, विषय येतो, फळा स्वच्छ असतो, अक्षर चांगलं आहे, तास चुकवत नाही. आपल्याकडं चांगला मास्तर म्हणजे आणखी काय असतं? पण कागदावर मत नव्हतंच, त्यामुळं भांडायला जागा नव्हती. नुसत्या खुणा होत्या. आणि एक नियम त्यांनी मला आधीच सांगितला होता: हा कागद तुमचा. विभागप्रमुखाकडं जाणार नाही, बढतीच्या फायलीत लागणार नाही, मी पण प्रत ठेवणार नाही. हा नियम नसता तर मी त्यांना वर्गात येऊच दिलं नसतं.

पुढच्या महिन्यात दुसरा प्रयोग. सत्राच्या मध्यावर केंद्रातला माणूस वर्गात येतो, मास्तरनं बाहेर जायचं. वीस-पंचवीस मिनिटं. पोरं चार-पाचांच्या गटात बसून ठरवतात, कशानं शिकायला मदत होते, कशानं होत नाही, काय बदलावं. मग सगळ्या वर्गाचं मिळून जे ठरेल तेवढंच तो माणूस टिपून घेतो. एखाद्याची वैयक्तिक खुन्नस तिथंच गळून पडते. मी बाहेर व्हरांड्यात फेऱ्या मारत होतो, प्रसूतिगृहाच्या बाहेर मारतात तशा. निकाल आला: "सर गणित सोडवतात तेव्हा सगळं कळतं. घरी जाऊन वही उघडली की काहीच येत नाही."

हे वाक्य मी कोल्हापुरात राजाराम कॉलेजच्या आवारात किती वेळा ऐकलं असेल! मी स्वतःही म्हटलंय. तेव्हा त्याचा अर्थ 'पोरगं ढ आहे' असा होता.

इथं आक्का म्हणाली, "सत्राच्या मध्ये विचारून काय उपयोग? परीक्षेत कळतंयच की."

त्याचं उत्तर मला दोन दिवसांनी मामांच्या गुऱ्हाळावर मिळालं. आमचं आजोळ करवीर तालुक्यातच. लहानपणी डिसेंबर म्हणजे गुऱ्हाळ. यंदा बऱ्याच वर्षांनी गेलो. घाणा सुरू, चुलवाणात चिपाडं ढकलणं सुरू, काहिलीतला रस फसफसतोय, वर आलेली मळी माणूस काढून टाकतोय. आणि कडेला गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर. तो काही फार हालचाल करत नाही, बघत असतो. फेस कसा फुटतो, वास कसा येतो. मध्येच थोडा पाक काढून त्यानं पाण्यात टाकला, बोटांनी चाचपला, मान हलवली. नाही. परत थोड्या वेळानं. तिसऱ्यांदा बोटात मऊ गोळी झाली आणि तो ओरडला. सगळे धावले, काहील उतरली, पाक वाफ्यात गेला. मी फिजिक्सवाला, मला माहीत आहे की तिथं तापमान एकशे अठरा अंशांच्या आसपास असतं. गुळव्याला आकडा माहीत नाही, पण हात कधी घालायचा ते माहीत आहे. दोन मिनिटं उशीर झाला तर गूळ करपतो, आधी उतरवला तर रवा बसत नाही, चिकट राहतो.

मी मामांना विचारलं, गूळ झाल्यावर चाखून बघत नाही का?

"झाल्यावर चाखून काय करू? तवा अडत्या सांगतोय भाव."

आमची सत्राअखेरची परीक्षा म्हणजे तो अडत्या. भाव कळतो, पाक सुधारत नाही. मी आक्काला त्याच संध्याकाळी हे सांगितलं तर म्हणाली, "मामांकडनं फेलोशिप घेतली असतीस तर विमानाचं भाडं वाचलं असतं."

आता मी तासाला काय करतो ते सांगतो. हार्वर्डला एरिक माझूर म्हणून फिजिक्सचे प्राध्यापक आहेत. पोरं त्यांचं कौतुक करायची, परीक्षेतही गणितं सोडवायची. त्यांनी एकदा बलाच्या कल्पनेवरची एक साधी, शब्दांतली चाचणी दिली. तर एका मुलीनं विचारलं, उत्तरं तुम्ही शिकवलंय तसं लिहू, की मला वाटतं तसं? माझूर हादरले. १९९१ पासून त्यांनी व्याख्यान कमी करून प्रश्न टाकायला सुरुवात केली. प्रश्न टाका, प्रत्येकानं एकट्यानं उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, परत उत्तर द्यायचं, आणि मास्तरनं सगळ्यात शेवटी तोंड उघडायचं.

आक्काचा विश्वास बसेना. "माझ्या वर्गात करून दाखव." म्हणून गेलो. बी.एस्सी. दुसरं वर्ष, साठेक पोरं. न्यूटनचा तिसरा नियम कुणाला येतो विचारलं, तर सगळ्या वर्गानं एका सुरात म्हणून दाखवला, आरतीसारखा. मग प्रश्न फळ्यावर लिहिला: उसाच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर येतोय, समोरून स्कूटी. धडक झाली. कुणी कुणावर जास्त बल लावलं? ट्रॅक्टरनं स्कूटीवर लावलेलं जास्त असेल तर एक बोट, उलट असेल तर दोन, सारखं असेल तर तीन. बोटं छातीशी धरायची, शेजाऱ्याला दिसता कामा नये.

एक, एक, एक, एक. मघाशी नियमाची आरती म्हटलेली तीच पोरं. तीन बोटं मोजून पाच-सहा जणांची, तीही अर्धी वाकलेली.

मी काहीच बोललो नाही. म्हटलं, शेजाऱ्याला पटवा. पाच सेकंद शांतता, मग जी सुरुवात झाली! "अरे ट्रॅक्टरला ओरखडाबी येत न्हाई, सारखं कसं असंल?" "ओरखडा म्हंजे बल न्हवं!" दारात शिपाईमामा येऊन उभे. "सर आलं न्हाईत काय रं?" मी हात वर केला. ते माझ्याकडं, मग पोरांकडं, मग परत माझ्याकडं बघून गेले.

खिडकीजवळच्या एका मुलीनं शेजारणीला दिलेलं उत्तर मला तसंच्या तसं आठवतंय. "बल दोघांवर तेवढंच. पण स्कूटी हलकी, म्हणून ती उडती. ट्रॅक्टरला तेवढ्या बलानं काय फरक पडतोय?" न्यूटनचा तिसरा आणि दुसरा, दोन्ही नियम तिनं एका दमात लावले. मी फळ्यावर लिहिलं असतं तर दहा मिनिटं घेतली असती आणि ते वहीत जाऊन झोपलं असतं. दुसऱ्यांदा बोटं मागितली तेव्हा निम्म्याहून जास्त वर्ग तीनवर आला होता.

हे एका वर्गाचं झालं. २०१४ मध्ये अमेरिकेत २२५ अभ्यास एकत्र करून तपासले गेले. विज्ञान, इंजिनिअरिंग, गणिताचे पदवी वर्ग. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी शेकडा ३४ च्या आसपास नापास, पोरांना कामाला लावणाऱ्या वर्गांत २२. पण गंमत पुढं आहे. २०१९ मध्ये हार्वर्डमध्येच फिजिक्सच्या वर्गांवर केलेल्या अभ्यासात दिसलं की अशा तासांना पोरं जास्त शिकली, पण त्यांना स्वतःला वाटलं की आपण कमी शिकलो. मेहनत पडली की वाटतं, मास्तरला नीट शिकवता येत नाही. माझ्याबाबतीत हेच झालं. त्या सत्रात पोरांनी मला दिलेले गुण घसरले. एकानं लिहिलं, "आम्हीच शिकायचं तर फी कशाला?" केंद्रानं आधी सावध केलं होतं, तरी तो रविवार वाईट गेला.

रंकाळ्यावर फिरताना आक्कानं खरा मुद्दा काढला. तिचं म्हणणं, हे सगळं तुला परवडतं कारण तुझा एक तास कमी केला. आमच्याकडं अर्धा स्टाफ तासिका तत्त्वावर. जेवढे तास तेवढे पैसे. त्या तासिकेवरच्या पोराला तू सांगणार, एक तास कमी घे आणि विचार कर? ओरिएंटेशन, रिफ्रेशर हे मास्तरांचे कोर्स आम्हीही करतो. केल्याशिवाय बढतीची पुढची स्टेज मिळत नाही. तिथं भाषणं ऐकतो. भाषण देऊ नका, यावरचं भाषणही ऐकलंय. आणि शेवटच्या बाकावर आमच्याकडं तपासणीची कमिटीच येऊन बसते. कुणी वहीत काही लिहिताना दिसलं की मास्तरचा घसा कोरडा.

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं तेव्हा पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. म्हणजे पोरं वर्गात यावीत म्हणून या गावानं पैसा आणि कायदा दोन्ही लावलं. मास्तरला विचार करायला वेळ द्यायचा तर तोही कुणीतरी विकत घ्यावा लागतो. फुकटात फक्त चिठ्ठी होते. तास संपताना पाच मिनिटं राखायची, आज सगळ्यात गढूळ, म्हणजे न कळलेलं, काय राहिलं ते पोरांनी नाव न घालता एका ओळीत लिहायचं. ही युक्ती हार्वर्डच्या फ्रेडरिक मॉस्टेलर या संख्याशास्त्रज्ञानं १९८९ मध्ये लिहून ठेवली. आक्काला ती पटली, कारण खर्च पाठकोऱ्या कागदाचा. पहिल्याच दिवशी एक चिठ्ठी आली: "सगळंच." ती तिनं फ्रीजवर लावलीय.

मी परत आलो. परवा रात्री तिचा फोन. "केमिस्ट्रीच्या मॅडमांच्या तासाला शेवटच्या बाकावर जाऊन बसलो होतो," म्हणाली. (कोल्हापूरची बाई आहे, 'बसले होते' म्हणणार नाही.) वहीच्या पानावर दोन-दोन मिनिटांच्या रेघा मारल्या होत्या. मॅडम आधी हो म्हणाल्या होत्या, तरी तासभर तिच्याकडं बघून शिकवत होत्या, पोरांकडं नाही.

"मग काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, चहा घेऊ आणि बोलू, पण स्टाफरूममध्ये नको. आणि ते पान पहिलं माझ्याकडं द्या."

"दिलंस?"

"फाडून दिलं. उद्या त्या माझ्या तासाला यायच्यात. अरे, दोन मिनिटांच्या रेघा मारायच्या म्हणजे घड्याळाकडं बघायचं की पोरांकडं, ते नीट सांग एकदा."