तुम्ही विचारलेत म्हणून: मोडायचेच आहे, तर एवढा खटाटोप कशाला?

मी तात्पुरत्या जागा रचते. तीन आठवड्यांची पॉप-अप दुकाने, एका मोसमापुरती उपाहारगृहे, दहा दिवस उघडी राहणारी प्रदर्शन-दालने असे माझ्या कामाचे स्वरूप आहे, आणि ते ऐकल्यावर नव्याने ओळख झालेला माणूस पहिल्या पाच मिनिटांत हाच प्रश्न विचारतो: शेवटी मोडायचेच आहे, तर एवढा खटाटोप कशाला? विचारणाऱ्यांत नातेवाईक असतात, विद्यार्थी असतात आणि काम देणारेही असतात. काम देणारा विचारतो तेव्हा त्याला अंदाजपत्रकाला कात्री लावायची असते, हे मी आता ओळखते. आजवर मी हसून वेळ मारून नेत आले. तुम्ही मात्र मनापासून विचारलेत, म्हणून सविस्तर लिहिते.

सुरुवातीच्या काळात मी मातीच्या भांड्यांचे एक दुकान केले होते, तीन आठवड्यांचे. रिकाम्या गाळ्याच्या भिंतीपासून निघून छताकडे वळत जाणारी फळ्यांची सलग लाट मला हवी होती आणि तीत कुठेही सांधा दिसता कामा नये, असा माझा हट्ट होता. म्हणून आम्ही प्लायवूड थेट भिंतीवर चिकटवले, वरून बारीक खिळे मारले, सांध्यांत लांबी (पुट्टी) भरली, घासली आणि रंग दिला. दुकान देखणे झाले, भांडीही खपली. गाळा सोडायच्या रात्री मात्र एकही फळी सुटेना. पहार लावली, तेव्हा प्लाय चिरफाळले आणि भिंतीच्या गिलाव्याचा परातीएवढा पोपडा खाली आला. पहाटेपर्यंत आमच्याकडे धड म्हणावी अशी एकही फळी उरली नव्हती. उरला होता तो ट्रकभर कचरा. गाळामालकाने अनामत रक्कम परत केली नाही आणि त्यात त्याचे काही चुकले, असे मला आजही वाटत नाही. हातातली पहार खाली ठेवत सुतारकाका म्हणाले, "ताई, मोडायचंच होतं, तर चिकटवलंत कशाला?"

लोकांच्या प्रश्नाची आणि काकांच्या प्रश्नाची सुरुवात सारखीच आहे. पण मोडणे म्हणजे काम संपल्यावरची हमाली, असे लोक धरून चालतात, आणि काका त्याला कामाचाच भाग समजत होते. त्या रात्रीपासून मी कोणत्याही जागेचा पहिला आराखडा मोडणीचा काढते: आधी काय सुटेल, कोणाच्या हातात किती वजन येईल, ते दारातून बाहेर निघेल का आणि पुढे कुठे जाईल. हाच कागद खालून वर वाचला की उभारणीचा क्रम मिळतो. १८ मिलिमीटर जाडीच्या, आठ बाय चार फुटांच्या अख्ख्या प्लायचे वजन तीस किलोच्या आसपास भरते. दमलेल्या दोन माणसांनी मध्यरात्री ते शिडीवरून उतरवणे म्हणजे अपघाताला आमंत्रण, म्हणून मी ते आधीच अर्धे कापते आणि पडलेला सांधा लपवण्याऐवजी रचनेतच मिरवते. बोल्टची डोकी हात पोचेल त्याच बाजूला येतात, प्रत्येक फळीच्या पाठीवर क्रमांक असतो आणि तिचे स्क्रू एका पिशवीत घालून तिलाच बांधलेले असतात. तुम्हाला दिसणाऱ्या खटाटोपाचा मोठा वाटा या न दिसणाऱ्या बाजूला जातो.

यात मी काही नवे शोधलेले नाही. लंडनच्या हाइड पार्कमध्ये १८५१च्या जागतिक प्रदर्शनासाठी जोसेफ पॅक्स्टनने उभारलेला क्रिस्टल पॅलेस पाचशे मीटरहून लांब होता, आणि प्रदर्शन संपल्यावर तो बागेतून हलवायचा हे आधीच ठरलेले होते. २४ फुटांच्या पटीत बसवलेले ओतीव लोखंडाचे खांब, कारखान्यातून एकाच मापात आलेल्या काचा आणि जागेवर केवळ जोडणी, अशी ती रचना होती. त्यामुळे ती उतरवून लंडनच्याच दक्षिणेकडच्या सिडनम भागात नेता आली आणि १८५४ मध्ये आणखी मोठ्या रूपात पुन्हा उभी राहिली. १९३६च्या आगीत ती गेली, तेव्हा तिचे वय तात्पुरत्या इमारतीला न शोभणारे झाले होते. लोक माझी समजूत घालण्यासाठी आयफेल टॉवरचे उदाहरण देतात, ते मात्र मला फारसे पटत नाही. १८८९च्या त्या मनोऱ्याला २० वर्षांची मुदत होती आणि बिनतारी संदेशांसाठी उपयोगी पडू लागला म्हणून तो राहिला. तात्पुरते काम म्हणून पाहिले, तर तो सपशेल नापास आहे.

मला जवळचे वाटते ते जपानी वास्तुकार शिगेरू बान यांनी जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या २०००च्या जागतिक प्रदर्शनात उभारलेले जपानचे दालन. मोडल्यावर कमीत कमी कचरा उरावा, हीच त्याची मूळ कल्पना होती. छत पुठ्ठ्याच्या नळ्यांच्या जाळीचे होते आणि पायासाठी काँक्रीट ओतण्याऐवजी वाळू भरलेल्या पेट्या वापरल्या होत्या. पेटी रिकामी केली की पाया संपला! स्थानिक अधिकाऱ्यांच्या आग्रहाखातर त्यात लाकडी कमानी वाढवाव्या लागल्या, हे वाचून मला बरे वाटले. परवानगी देणाऱ्यांशी घालावा लागणारा वाद एवढ्या मोठ्या माणसालाही चुकला नव्हता.

उपाहारगृहाचे गणित दुकानापेक्षा फार अवघड असते आणि ते एका भांडी धुण्याच्या सिंकपासून सुरू होते. सांडपाण्याचा पाइप आपोआप वाहायचा, तर त्याला मीटरमागे साधारण अडीच सेंटीमीटर उतार द्यावा लागतो. इमारतीचे ड्रेनेज सिंकपासून सहा मीटरवर असेल, तर उताराचेच पंधरा सेंटीमीटर होतात. पक्की फरशी फोडायची नाही, म्हणून स्वयंपाकघराची सगळी जमीनच फळ्यांची आणि तेवढी उंच करावी लागते. मग बसायची जागाही त्याच पातळीवर आणली, तर दाराशी चाकांच्या खुर्चीसाठी रॅम्प हवा, आणि एकास बारा या प्रमाणात पंधरा सेंटीमीटर चढायला तो १.८ मीटर लांब होतो. त्या १.८ मीटरमध्ये चौघांचे एक टेबल बसले असते. एका सिंकने एक टेबल खाल्ले, असे मी मालकाला सांगते तेव्हा त्याला प्रथम ते खरे वाटत नाही. नोमा या कोपनहेगनच्या उपाहारगृहाने २०१५ मध्ये काही आठवडे टोकियोत मुक्काम हलवला, तेव्हा त्यांनी एका मोठ्या हॉटेलात बस्तान बसवले. मला त्यांच्या पाककलेइतकेच या शहाणपणाचे कौतुक आहे, कारण धूर, पाणी आणि गॅस हे तिन्ही प्रश्न तिथे आधीच सुटलेले होते.

सगळीच तात्पुरती दुकाने गुणी असतात, असे मी म्हणणार नाही. त्यांतली बरीचशी ग्राहकाला घाई करण्यासाठीच काढलेली असतात आणि "फक्त तीन दिवस" या पाटीपलीकडे तिथे रचना अशी काही नसते. कॉम दे गार्सों या फॅशन कंपनीने २००४ मध्ये बर्लिनला उघडलेले ‘गरिला स्टोअर’, म्हणजे गनिमी काव्याचे दुकान, मला आवडते, कारण त्यांनी पुस्तकांच्या एका जुन्या दुकानाची जागा जवळजवळ आहे तशीच वापरली आणि धंदा कसाही झाला, तरी वर्षभराने बंद करायचे, असे आधीच ठरवले. उलट न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये २०११च्या भूकंपानंतर मालवाहू कंटेनरांत भरलेला बाजार २०१८ पर्यंत टिकला, कारण तिथे गरजच तेवढी लांबली. कंटेनरची आतली रुंदी जेमतेम २.३५ मीटर असते. त्यात ६० सेंटीमीटरचा काउंटर आणि ४० सेंटीमीटरचे कपाट ठेवले की विक्रेता आणि ग्राहक यांना मिळून १.३५ मीटर उरतात. बाजूचा पत्रा कापून जागा मोकळी करावी, तर त्याच पत्र्याने दिलेली ताठरता जाते आणि आतून लोखंडी चौकट घालावी लागते. स्वस्तात होईल म्हणून कंटेनर मागणाऱ्याला मी आधी हा हिशेब दाखवते.

माझ्याकडच्या एका फळीच्या पाठीवर सध्या तीन खोडलेले क्रमांक आहेत आणि चौथा खडूने लिहिलेला आहे. ती दोन दुकानांत आणि एका दालनात उभी राहून आता एका उपाहारगृहाच्या जमिनीत जाते आहे. सुतारकाका अजून माझ्याबरोबर काम करतात. नवा आराखडा टेबलावर पसरला की चष्मा लावून ते पहिल्यांदा एकच विचारतात, "ताई, ह्याचा पहिला बोल्ट कुठून सुटतो?"