तुम्ही विचारलंत म्हणून: अमेरिकेतल्या मुलाला अजून ग्रीन कार्ड, म्हणजे तिथे कायम राहायचा परवाना, कसं नाही?

इथे बडोद्यात दांडिया बाजारात भाजी घेताना विचारतात, चैत्रातल्या हळदीकुंकवाला विचारतात, बँकेतल्या जुन्या मैत्रिणी फोनवर विचारतात. समोरच्या बेन दर दिवाळीला फराळाचं ताट परत देताना विचारतात, "कार्ड आव्यूं?" नाही म्हटलं की तोंडावर एक शंका उमटते. इतकी वर्षं झाली म्हणजे पोराने काहीतरी घोळ केला असणार. कुणी सांगतं, आमच्या भाच्याला दोन वर्षांत मिळालं. अहो, तुमच्या भाच्याने तिथल्या नागरिक मुलीशी लग्न केलं. तो रस्ताच वेगळा, त्याला देशवार रांग नाही.

माझ्या मुलाने एक दिवस बेकायदा काढलेला नाही, एका वर्षाचा कर चुकवलेला नाही. कलाभवनातून इंजिनियर झाला, पाच वर्षं इथेच नोकरी केली, मग तिकडे जाऊन एम. एस. केलं. कंपनीने त्याचा अर्ज मार्च 2014 मध्ये घातला. ती त्याची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली जागा. अर्ज मंजूरही झाला. मंजूर होणं वेगळं आणि नंबर लागणं वेगळं, हे मला कुणालाच समजावता येत नाही.

मी तीस वर्षं बँकेत काढली, म्हणून आकड्यांत सांगते. कायदा 1990 चा. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण 1,40,000 ग्रीन कार्डं, आणि त्यात नोकरदाराबरोबर त्याची बायको-मुलंही मोजायची. कुठल्याही एका देशाला 7 टक्क्यांहून जास्त नाहीत. आइसलंडला जेवढी मर्यादा, तेवढीच भारताला. मुलाचा वर्ग ईबी-टू, म्हणजे वरच्या पदवीवाल्यांचा. त्यात आपल्या वाट्याला वर्षाला 2,800 च्या आसपास येतात, बाकीच्यांची उरली तर थोडी भर पडते. एवढ्याशा खिडकीसमोर लाखो माणसं उभी आहेत. दर महिन्याला व्हिसा बुलेटिन निघतं आणि कुठल्या तारखेपर्यंतच्या लोकांचा नंबर आला ते कळतं. ती तारीख मी कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवते. पुढे सरकते तशी मागेही जाते. बँकेत टोकन 40 पुकारल्यावर पुन्हा 25 पुकारलं असतं तर लोकांनी काउंटर फोडलं असतं.

"मग परत का येत नाही?" हा तुमचा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर मला जड जातं.

2016 मध्ये तो परत यायला निघाला होता. मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात बोलणंही झालं होतं. मीच नको म्हटलं. "अर्ज मंजूर झालाय, आता नंबर लागला की ये. इतकं केलेलं वाया घालवू नकोस." हे गेले तेव्हापासून घरात शेवटचा शब्द माझाच असे. तेव्हाच्या मला आज विचारावंसं वाटतं, बाई, तू भागाकार करून पाहिला होतास का? नव्हता केला. रांग म्हणजे रेशनची किंवा गॅसची, उभं राहिलं की पोचतोच, एवढीच माझी समजूत. पण तो आला असता आणि इथे त्याचं मन रमलं नसतं तर? तेव्हाही दोष माझ्याच माथी आला असता. तिथे जन्मलेली नात तेव्हा तीन वर्षांची होती.

आणि मग 2020 चा ऑक्टोबर. करोनामुळे त्या वर्षी कुटुंबांच्या वाट्याची पुष्कळ कार्डं उरली, ती पुढच्या वर्षासाठी नोकरीवाल्यांकडे वळणार होती. बुलेटिन आलं. रांगेतल्या कुठल्या तारखेपर्यंतच्या भारतीयांनी शेवटच्या टप्प्याचा अर्ज भरायचा, ती तारीख ईबी-थ्री या खालच्या वर्गात एकदम 1 जानेवारी 2015 वर गेली होती. वर्ग एक पायरी खाली उतरवून हजारो लोक त्या दारात धावले, आमचाही. दार किती दिवस उघडं राहील ते कुणीच सांगत नव्हतं.

त्या अर्जाला जन्माचा दाखला लागतो. मुलगा 1981 साली घरीच झाला, सुईणीच्या हातून. यांनी नोंद करायची राहू दिली, मीही आठवण केली नाही. नोंद नसल्याचा दाखला आम्ही पूर्वीच काढून ठेवला होता. त्याच्या जोडीला जन्म प्रत्यक्ष माहीत असलेल्या दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं हवी होती. अशी दोनच माणसं उरली होती, मी आणि सासूबाई. त्यांना एक्क्याण्णवावं चालू होतं.

वकिलाने मजकूर इंग्रजीत पाठवला. मी तो सासूबाईंना मराठीत वाचून दाखवला. तारखेशी येताच त्यांनी थांबवलं. "तारीख मला ठाऊक नाही. शीतळा सातम होती. वाड्यात कुणाकडे शेगडी पेटलेली नव्हती, सगळे गुजराती थंड खात होते. पाणी तापवायला आपलाच स्टोव्ह. मीच पंप मारला." हे सगळं लिही म्हणाल्या. मी म्हटलं, आई, त्यांना एवढं नको असतं.

नोटरी मास्क लावून घरी आले, दारातच पाटावर बसले. सासूबाईंचा हात थरथरताना पाहून म्हणाले, अंगठा चालेल. त्या उसळल्या. "अंगठा कशाला? मी गायकवाडीत सातवी शिकलेय." सयाजीराव महाराजांनी शिक्षण सक्तीचं केलेल्या राज्यातली ती मुलगी. मांडीवर पाट घेतला, पाटावर कागद, आणि एकेक अक्षर काढलं. आडनावाशी पोचेपर्यंत पेन दोनदा सुटलं. सही झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "या कागदाने तो येईल ना गं?"

मी म्हटलं, "हो आई, येईल."

तो कागद त्याने तिथे राहावं म्हणून होता. अर्ज पोचण्याच्या दिवशी त्याने त्याच देशात असायलाच हवं होतं. मला हे माहीत होतं, आणि मी हो म्हटलं.

अर्ज महिनाअखेरीला पोचला. सासूबाई त्या दिवाळीनंतर आठ दिवसांनी गेल्या. मुलाच्या पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का 2018 मध्येच संपला होता, आणि त्या जूनपासून तिथल्या अध्यक्षांच्या हुकुमाने बाहेरून नोकरीचे नवे एच-वन व्हिसा मिळणं जवळजवळ बंद होतं. आला असता तर परत जाता आलं नसतं, अर्जही गेला असता. "मी निघतो," तो म्हणाला. मी दुसऱ्यांदा नको म्हटलं. त्याने खासवाडीचं स्मशान मोबाइलवर पाहिलं.

कुणी म्हणेल, निदान काम तरी झालं. नाही झालं. 2022 च्या जूनमध्ये ईबी-टूची तारीख 1 सप्टेंबर 2014 वर गेली, म्हणजे त्याच्या पुढे. पण त्याची फाइल आता ईबी-थ्रीत. ती परत ईबी-टूला जोडा म्हणून त्याने विनंती केली. तिचं उत्तर यायच्या आत, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, त्या वर्षाची ईबी-टू कार्डं संपल्याचं जाहीर झालं. ऑक्टोबरमध्ये तारीख 2012 वर गेली, डिसेंबरमध्ये 2011 वर. 2025 संपलं तेव्हाही दोन्ही वर्गांत 2013 चाललं होतं. म्हणून, बेन, "नथी आव्यूं."

एक मात्र झालं. त्या अर्जामुळे नव्या शिक्क्याशिवाय येण्याजाण्याची परवानगी मिळाली, आणि 2022 च्या जानेवारीत तो तीन आठवडे येऊन गेला. आजीच्या कॉटवर झोपला. प्रतिज्ञापत्राची झेरॉक्स कपाटातून काढून सहीवरून बोट फिरवत बसला होता. "सही करताना आजी काय म्हणाली?" त्याने विचारलं. मी शीतळा सातमीचं सांगितलं, स्टोव्हचं, सातवीचं. तो हसला, मग रडला.

पुढचं मी त्याला सांगितलं नाही. इथे लिहिलंय, तेव्हा आता तोही वाचेल.