आजची भाकर

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. आमच्या चर्चच्या मंडळीतील तरुण मुली, आणि अलीकडे त्यांच्या आयासुद्धा, उपासना संपली की मला बाजूला घेऊन विचारतात, "बाई, आम्ही प्रार्थना करतो, शास्त्र वाचतो, रविवार चुकवत नाही, तरी देव जवळ आहे असे वाटत नाही. तुम्हांला हे कसे साधले?" चर्चच्या पायरीवर उभ्या उभ्या दिलेले उत्तर मला स्वतःलाच अपुरे वाटते, आणि ते पुरे करायचे तर मला माझ्या आईपासून सुरुवात करावी लागेल.

नंदुरबारला मिरचीच्या हंगामात जो आला असेल त्याला पथारी म्हणजे काय ते सांगावे लागणार नाही. इतरांसाठी सांगते. गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर ओली लाल मिरची वाळत घालतात, नजर पोहोचेल तिथपर्यंत जमीन लाल होते आणि बायका ओळीने बसून मिरचीचे देठ खुडतात. माझी आई तेथे मजुरीला जात असे. संध्याकाळपर्यंत तिच्या बोटांची अशी आग होई की घरी आल्यावर ती आधी हात ताकात बुडवून बसे. तिचे शिक्षण बेताचे होते आणि प्रार्थनेसाठी वेगळी खोली सोडाच, वेगळा कोपराही आमच्या घरात नव्हता. ती पथारीवरच प्रार्थना करी. मिरचीचा एक ढीग पुढे ओढला की एका माणसाचे नाव घ्यायचे आणि तो ढीग संपेपर्यंत त्याच माणसासाठी देवाशी बोलत राहायचे, असा तिचा नेम होता. शेजारची बाळंतीण, कामासाठी सुरतेला गेलेला माझा मामा, मजुरी वेळेवर न देणारा मुकादमसुद्धा. "देवा, तिले बरं वाटू दे," एवढेच शब्द मला ऐकू येत. डोळे न मिटता प्रार्थना कशी चालते, असे मी लहानपणी एकदा विचारले, तेव्हा ती हात न थांबवता म्हणाली, "माले दिखो ना दिखो, देवले दिखस ना."

पुढे शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या बायबल वर्गात, शिकवू लागल्यावर मला बायबलमधील अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातील ते वचन भेटले, ज्यात देवाच्या आज्ञांविषयी घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना बोलत राहा, असे इस्राएलाला सांगितले आहे. या यादीत मंदिर नाही, हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षे लागली. सामुदायिक उपासनेचे मोल मी कमी करत नाही. मंडळीशिवाय माझा विश्वास केव्हाच सुकला असता. परंतु देवाची सोबत ज्याला हवी आहे त्याने ती रविवारपर्यंत राखून ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे.

प्रभू येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण रोजची भाकर "आज" मागतो. खान्देशात कालची भाकर आज चालते, हे मला ठाऊक आहे, पण रानात इस्राएल लोकांना देवाकडून मिळालेला मान्ना, म्हणजे आकाशातून पडणारे अन्न, तसा नव्हता. बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात तो ज्याने त्याने रोज सकाळी गरजेपुरता गोळा करायचा होता. उद्यासाठी राखून ठेवला तर त्यात किडे पडत, आणि फक्त सहाव्या दिवशी दुप्पट घेण्याची मुभा होती, कारण सातवा दिवस विसाव्याचा. चाळीस वर्षे हे असेच चालले. गेल्या वर्षीच्या शिबिरात आलेला अनुभव आज पुरत नाही म्हणून रडणाऱ्या मुलींना मी हाच अध्याय वाचायला सांगते. थोडे वाचा, पण रोज वाचा, आणि शक्य असेल तर मोठ्याने वाचा. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे साध्या मराठीत भाषांतर करण्यात आयुष्याची अखेरची वर्षे वेचली, ती सामान्य बाईला ते वाचताना कळावे म्हणूनच.

आता जवळ वाटण्याविषयी. काही महिने असे जातात की प्रार्थना छताला लागून परत येते. माझेही गेले आहेत. अशा वेळी बायबलमधील स्तोत्रसंहितेतील विलापाची स्तोत्रे उघडावीत. दीडशे स्तोत्रांपैकी ती थोडीथोडकी नाहीत. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही, आणि तरीही ती देवाला मारलेली हाक आहे. आईच्या बायबलात याच पानाच्या कडेला तिच्या अंगठ्याचा तांबूस डाग आहे.

परंतु प्रत्येक कोरडेपणाचे कारण सारखे नसते, आणि माझ्या एका कोरडेपणाचे कारण मला चांगले ठाऊक होते. शेताच्या बांधावरून माझे आणि माझ्या जाऊबाईंचे बिनसले होते. दोन वर्षे आम्ही एकाच चर्चमध्ये, एकाच बाजूच्या सतरंजीवर बसत होतो आणि बोलत नव्हतो. मी पहाटे उठून प्रार्थना करी, उपवास करी, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील ते वचन आले की पान उलटे. वेदीपाशी अर्पण आणले असता भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, असे प्रभू तेथे सांगतो. एका प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर वाटून घेण्याच्या, रविवारी मला भाकरीचा तुकडा हातात घेववेना. मी उठले, बाहेर आले आणि दुपारी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

त्या चुलीपाशी कळण्याची भाकर थापत होत्या. मी म्हटले, "ताई, माझे चुकले." त्यांनी बराच वेळ मान वर केली नाही. तव्यावरची भाकर उलटली, निखाऱ्यावर फुगवली आणि मग ताट माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "बस." बांधाचा प्रश्न त्या दिवशी सुटला नाही; तो सुटायला आणखी एक पावसाळा गेला. पण दुसऱ्या दिवशी पहाटे मी प्रार्थनेला बसले, तेव्हा पहिले नाव त्यांचे आले, आणि ते घेताना जीभ अडली नाही.