थर्मिस्टर लॉगर, नोंद 7: रेफरन्सही गाळावा लागतो

मागच्या नोंदीतली तक्रार अशी होती: सुरू केल्यावर आकडे स्थिर असतात, तासाभराने डुलायला लागतात. कारण सापडलं. वाटेत एक उपाय मात्र चक्क उलटला, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मांडणी तीच. एमसीपी3208 हा 12 बिटांचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारी चिप), सेकंदाला 1000 सॅम्पल, 10 किलोओहमचा थर्मिस्टर (तापमानानुसार रोध बदलणारा रेझिस्टर) आणि वर तेवढाच रेझिस्टर; ही जोडी म्हणजे व्होल्टेज विभागणारा डिव्हायडर. डिव्हायडर आणि एडीसीची रेफरन्स पिन (जिच्या व्होल्टेजच्या तुलनेत तो मोजतो), दोन्ही एकाच 5 व्होल्टवर. तो 5 व्होल्ट 150 किलोहर्ट्झच्या आसपास चालणाऱ्या बक कन्व्हर्टरमधून (जलद स्विचिंग करून व्होल्टेज उतरवणाऱ्या सर्किटमधून) येतो.

डुलणं सहा काउंटचं (काउंट म्हणजे एडीसीच्या आकड्याची एक पायरी) होतं आणि 64 सॅम्पलच्या सरासरीनेही जाईना. कन्व्हर्टरवर बोट टेकवलं की लाटेचा वेग बदलायचा, कधी ती सरासरीत विरूनच जायची. बॅटरीवर चालवलं तर लाटच नाही. तेव्हा खात्री पटली की हे एलियासिंग आहे, म्हणजे वेगवान लहर सॅम्पलमध्ये संथ होऊन दिसणं. तापल्यावर स्विचिंगची फ्रिक्वेन्सी सरकते आणि 1000 च्या एखाद्या पूर्ण पटीजवळ आली की तिचा रिपल (5 व्होल्टवरची बारीक लहर) संथ लाट होऊन दिसतो. ही लाट आणि तापमानातला खरा बदल एकदा सॅम्पल झाल्यावर सॉफ्टवेअरला सारखेच. गाळायचं ते एडीसीच्या आधीच.

म्हणून इनपुटवर 1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. डिव्हायडरचा स्वतःचा रोध 25 अंशांना 5 किलोओहम भरतो, त्यामुळे वेगळा रेझिस्टर न लावता कटऑफ (ज्याच्या वरचं गाळलं जातं ती फ्रिक्वेन्सी) 32 हर्ट्झ मिळाला. शिवाय एडीसीच्या आतला सॅम्पलिंग कपॅसिटर 20 पिकोफॅरडचा, म्हणजे बाहेरचा त्याच्या 50,000 पट. दर सॅम्पलला तो जो चार्ज ओढतो तो इथे जाणवतही नाही.

आणि डुलणं सहावरून सोळा काउंटवर गेलं!

दोन संध्याकाळी यात गेल्या. एडीसी इनपुट आणि रेफरन्स यांचं गुणोत्तर मोजतो. आधी दोन्ही बाजूंना तोच रिपल होता, त्यामुळे तो बराचसा आपापसात कटत होता. पूर्ण नाही, कारण इनपुट एका क्षणी पकडला जातो आणि रेफरन्स पुढच्या 12 क्लॉकमध्ये एकेक बिट ठरवताना वापरला जातो. मी इनपुट शांत केला आणि रेफरन्स नाचता ठेवला. 5 व्होल्टवर 40 मिलिव्होल्ट रिपल म्हणजे 0.8 टक्के, 2048 काउंटच्या आसपास त्याचे सोळा होतात. हिशोब तंतोतंत जुळला तेव्हा फार बरं वाटलं.

रेफरन्सच्या वाटेत फेराइट बीड (उच्च फ्रिक्वेन्सीचा गोंगाट अडवणारा मणी) लावून पाहिला, उपयोग शून्य. त्याचे ओहम 100 मेगाहर्ट्झला मोजलेले असतात, 150 किलोहर्ट्झला तो जवळजवळ तारच. त्याऐवजी 10 ओहमचा रेझिस्टर आणि 47 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. आधी साधा इलेक्ट्रोलायटिक होता, पण त्याच्या आतल्या रोधामुळे रिपल पुरेसा उतरला नाही. सिरॅमिक लावल्यावर तो ऑसिलोस्कोपच्या गोंगाटात दिसेनासा झाला. सगळा प्रवाह दीड मिलिअँपिअरच्या आत, तेव्हा 10 ओहमवर 15 मिलिव्होल्टही पडत नाहीत.

या गाळलेल्या रेषेवर आता 4.096 व्होल्टचा रेफरन्स आयसी (स्थिर व्होल्टेज देणारी चिप) बसवलाय आणि डिव्हायडरही त्यावरच घेतलाय. एक काउंट म्हणजे बरोबर 1 मिलिव्होल्ट. काल रात्रभर चालवला: सरासरीशिवाय एका काउंटचा फरक, सरासरी घेतल्यावर तोही नाही. उरलेले तीन चॅनल या आठवड्यात.