आत्या म्हणते, "जमतं की सगळं!"

घरात सत्तरीचं माणूस असलं की बीपी, शुगर, बी-ट्वेल्व्ह सगळं वेळच्या वेळी तपासलं जातं, पण मांड्या-पिंढऱ्यांत ताकद किती उरलीये हे कोणी बघतच नाही. चालणं मंदावलं की "वय झालं आता" म्हणायचं आणि विषय संपवायचा. पण वयानुसार स्नायू झिजतात त्याला सार्कोपेनिया असं नाव आहे, आणि 2016 पासून अमेरिकेत आजार म्हणून त्याला वेगळा कोडही आहे.

तर हे चाळणी लावून शोधायला सार्क-एफ नावाची एक छोटी प्रश्नावली आहे, मशीन नको काही नको, फक्त पाच प्रश्न. साडेचार किलोचं ओझं उचलून नेता येतं का, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालता येतं का, खुर्चीतून किंवा पलंगावरून उठताना त्रास होतो का, दहा पायऱ्या चढता येतात का, आणि वर्षभरात किती वेळा पडलात. प्रत्येकाला 0 ते 2 मार्क, एकूण 4 किंवा जास्त आले की पुढची तपासणी करायची.

मी आत्याला विचारलं. "आत्या, दळणाचा डबा उचलता येतो का गं?" "न यायला काय झालं?" आता खरं सांगायचं तर दळण कित्येक वर्षं तिचा नातूच आणतो, तिने डब्याला हातही लावलेला नाही. जिने? बिल्डिंगला लिफ्ट आहे. पडलीस का कधी? "छे रे, बाथरूममध्ये जरा घसरले, पण नळ धरला ना." झालं, स्कोर आला 1!

गंमत म्हणजे हा दोष एकट्या आत्याचा नाहीये. स्कोर 4 किंवा जास्त आला तर तो मनावर घ्यावाच, पण कमी आला म्हणून निश्चिंत राहता येत नाही, खूप जण या चाळणीतून निसटतात हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. उलट बाजूही आहे, गुडघे झिजलेले असतील तर स्नायू बरे असूनही स्कोर वाढतो. माझं मत विचाराल तर आपल्याकडे "जमतं का" विचारूच नये, "शेवटचं कधी केलंत" असं विचारावं.

म्हणूनच मला सार्क-क्यूओएल नावाची दुसरी प्रश्नावली जास्त आवडली. ही बेल्जियममधल्या लीज विद्यापीठाच्या लोकांनी 2015 मध्ये आणली, 22 प्रश्न, त्यांत 55 बाबी, स्कोर 0 ते 100, जितका कमी तितकं जगणं अवघड. मुळात ही आजार शोधायला नाही तर आजाराने रोजच्या जगण्यावर काय परिणाम झाला ते मोजायला केलेली, पण हिचा चाळणी म्हणून उपयोग होतो का हेही लोकांनी तपासलंय. यात थकवा, पडायची भीती, घरकाम, फिरणं, छंद असं सगळं येतं. आत्या भजनी मंडळात जायची बंद झाली, देवपूजा खाली बसून करायची ती आता स्टुलावर बसून करते, हे असल्या प्रश्नांतूनच बाहेर येतं. वेळ जास्त लागतो आणि म्हातारी माणसं मध्येच कंटाळतात, ते मात्र आहे.

नुसत्या उत्तरांवर विसंबायचं नसेल तर हाताची घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठ-बस करायला लावा. आशियाई लोकांसाठीच्या 2019 च्या निकषांत 12 सेकंद किंवा जास्त लागले तर शंका घ्यायची. पिंढरीचा घेर टेपने मोजा, पुरुषांत 34 सेंमीपेक्षा कमी, बायकांत 33 पेक्षा कमी असेल तरी तेच. आत्याने तिसऱ्याच वेळी खुर्चीचा हात धरला, वर मलाच म्हणते "खुर्ची बुटकी आहे रे तुझी"!! आणि वजनावर जाऊ नका, चरबी वाढली की काटा तिथेच राहतो आणि आत स्नायू कमी होत असतात.

पक्कं निदान डॉक्टरच करतील, हाताची पकड मोजून, गरज पडली तर डेक्सा स्कॅन (शरीरात स्नायू किती ते मोजणारा एक प्रकारचा एक्स-रे) करून. उपाय म्हणजे ताकदीचा व्यायाम आणि पुरेसं प्रोटीन, नुसतं बागेत चक्कर मारून भागत नाही. किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन वाढवायच्या आधी डॉक्टरांना विचारा. आत्या फिजिओकडे यायला तयार झालीये, काठी मात्र घेणार नाही म्हणते, त्यावरून आमचं अजून वाजतंय.