जमीन किती हलली?

पणजीत पाऊस धो धो, आणि मी दिवसभर न्यूझीलंडच्या वैराकेईची जमीन मोजत बसले. तिथे १९५८पासून भूऔष्णिक, म्हणजे जमिनीतल्या उष्णतेवरची, वीज तयार होते. गरम पाणी उपसून काही भाग सुमारे १५ मीटर खचलाय. सेंटिनेल-१ या उपग्रहाची दोन वेळची रडार चित्रं जुळवून केलेल्या नकाशात मात्र रंगांचा एक अख्खा पट्टा म्हणजे जमीन उपग्रहाच्या दिशेने जेमतेम २.८ सेंटीमीटर हलली! उपशाने पसरट खळगा दिसतो; भ्रंश, म्हणजे खडकातली भेग, सरकला तर पट्टे एका रेषेवर कचकन तुटतात. निदान पुस्तकात तरी. आज अर्धा वेळ हवेतल्या बाष्पाने रडारच्या लहरींत घातलेला घोळ निस्तरण्यातच गेला.

संध्याकाळी भाजी-पाव घेताना गाड्यावरच्या काकींनी विचारलं, "आपल्या गोव्याची जमीन का नाही मोजत?"

अहो काकी, इथल्या रानात या रडारला पानंच दिसतात, जमीन कुठली!